सरासरीवर विसंबलेला सर्व्हर गर्दीच्या तासाला कोलमडतो
ईमेल यंत्रणेवरील भाराचा अंदाज कसा बांधतात आणि त्यानुसार तयारी कशी करतात?

अर्ज भरण्याचा अखेरचा दिवस. संध्याकाळचे साडेचार वाजले आहेत आणि पाच वाजता संकेतस्थळ बंद होणार आहे. नाव, पत्ता, गुण, छायाचित्र असे सगळे भरून झाले आहे. उरला आहे तो केवळ ईमेलवर येणारा सहा आकडी ओटीपी. ‘दहा मिनिटांच्या आत क्रमांक भरा’ अशी सूचना पडद्यावर झळकते आणि मेलपेटी मात्र रिकामीच. विद्यार्थी पाच मिनिटांनी पुन्हा क्रमांक मागवतो, आणखी पाच मिनिटांनी तिसऱ्यांदा. अखेर चार पंचावन्नला तिन्ही क्रमांक एकदम येऊन थडकतात आणि तिन्हींची मुदत संपलेली असते.

हे चित्र कोणा एका संस्थेचे नाही. ऑनलाइन अर्ज, निकाल, परवाने आणि देयके यांचा व्यवहार ईमेलवर आल्यापासून कमीअधिक फरकाने ते अनेकांच्या परिचयाचे झाले आहे. अशा वेळी ‘सर्व्हर डाऊन आहे’ असे एक ठरावीक उत्तर मिळते. वास्तविक पुष्कळदा सर्व्हर बंद पडलेला नसतोच. तो चालू असतो, आपल्या पूर्ण ताकदीनिशी काम करत असतो आणि तरीही मागे पडत असतो. विद्यार्थ्याचा क्रमांक कुठे हरवलेला नसतो. तो रांगेत उभा असतो. त्याने दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा केलेल्या मागणीने तीच रांग आणखी लांबवलेली असते.

ही रांग टाळता येते का? येत असेल, तर तिचा अंदाज आधी कसा बांधायचा? ईमेल यंत्रणा चालवणाऱ्यांपुढचा हा रोजचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर यंत्राच्या ताकदीपेक्षा गणिताच्या एका साध्या तत्त्वात अधिक आहे.

फेरीबोटीचा धडा

रायबंदरच्या धक्क्यावर किंवा पलीकडे चोडणला सकाळच्या वेळी फेरीबोटीची वाट पाहिलेल्या कोणालाही हे तत्त्व अनुभवाने ठाऊक असते. उदाहरणादाखल काही आकडे गृहीत धरू. समजा, फेरीबोटी दर मिनिटाला सरासरी दोन वाहने पलीकडे नेऊ शकतात. सकाळी आठपर्यंत मिनिटाला एक-दीड वाहन येते आणि सारे सुरळीत चालते. आठ ते नऊ या वेळेत मात्र कामाला निघालेल्यांची गर्दी होऊन मिनिटाला तीन वाहने येऊ लागतात. दर मिनिटाला एक वाहन मागे राहते आणि नऊ वाजेपर्यंत धक्क्यावर साठ वाहनांची रांग लागते.

नऊनंतर गर्दी ओसरते आणि पुन्हा मिनिटाला दीड वाहन येऊ लागते. पण साठ वाहनांची रांग लगेच नाहीशी होत नाही. आता मिनिटाला अर्धेच वाहन जास्तीचे उचलले जाते, म्हणजे ती रांग संपायला दोन तास लागतात. गर्दी तासाभराची असली तरी तिची झळ अकरा वाजेपर्यंत पोहोचते. सकाळी दहाला आलेला माणूस म्हणतो, ‘आता तर गर्दी नाही, मग एवढा वेळ का?’ त्याला दिसणारी रांग नऊच्या आधीची शिल्लक असते.

दिवसभराची सरासरी काढली, तर फेरीबोटींची क्षमता वाहनांच्या संख्येपेक्षा जास्तच भरेल. कागदावर टंचाई दिसणार नाही, धक्क्यावर मात्र ती रोज असेल. ईमेल सर्व्हरचे नियोजन फसते ते नेमके याच जागी.

कोपनहेगनमधील एका गणितज्ञाची देणगी

रांगेचे शास्त्र ईमेलच्या कितीतरी आधीचे आहे. डेन्मार्कमधील आग्नर क्रारूप एर्लांग हा गणितज्ञ १९०८ मध्ये कोपनहेगन टेलिफोन कंपनीत रुजू झाला. एका एक्स्चेंजला किती तारा आणि किती ऑपरेटर पुरतील, हा कंपनीपुढचा प्रश्न होता. कमी ठेवले तर ग्राहक ताटकळणार, जास्त ठेवले तर पैसा वाया जाणार. एर्लांगने १९०९ मध्ये दूरध्वनीच्या वर्दळीला संभाव्यतेचे गणित लावणारा लेख प्रसिद्ध केला आणि १९१७ मध्ये आपली प्रसिद्ध सूत्रे मांडली. दूरध्वनीवरील भार मोजण्याच्या एककाला पुढे त्याचेच नाव देण्यात आले.

या शास्त्राने दिलेला सर्वांत महत्त्वाचा इशारा असा की, भार आणि प्रतीक्षा एकाच प्रमाणात वाढत नाहीत. एकच खिडकी आहे, माणसे अनियमितपणे येत आहेत आणि प्रत्येकाच्या कामाला लागणारा वेळही कमीअधिक आहे, असे धरू. खिडकी निम्मा वेळ कामात असेल, तर सरासरी प्रतीक्षा एका माणसाच्या कामाला लागणाऱ्या वेळेइतकी असते. ती ऐंशी टक्के वेळ कामात असेल, तर प्रतीक्षा त्या वेळेच्या चौपट होते. नव्वद टक्क्यांवर नऊपट आणि पंच्याण्णव टक्क्यांवर एकोणीसपट.

म्हणजे ऐंशीवरून पंच्याण्णवपर्यंत जाताना काम वाढले ते पाचव्या हिश्श्याहूनही कमी, पण वाट पाहण्याचा वेळ जवळजवळ पाचपट झाला. ‘अजून पाच टक्के क्षमता शिल्लक आहे’ असे म्हणणाऱ्या अधिकाऱ्याचे विधान हिशेबाला धरून असते. परंतु ते पाच टक्के म्हणजे यंत्रणेचा श्वास आहे. तो संपत आला की थोडीशी वाढही गुदमरवून टाकते.

दुसरे सूत्र अमेरिकी शास्त्रज्ञ जॉन लिटल यांच्या नावाने ओळखले जाते. त्याची सिद्धता त्यांनी १९६१ मध्ये दिली. एखाद्या व्यवस्थेत सरासरी किती जण आत असतील? दर सेकंदाला येणाऱ्यांची संख्या गुणिले प्रत्येकाचा आत जाणारा वेळ. इतके साधे सूत्र. पण सर्व्हरची क्षमता ठरवताना ते पदोपदी उपयोगी पडते.

मेल थांबतो, सहसा हरवत नाही

दूरध्वनी आणि ईमेल यांत मात्र एक मूलभूत फरक आहे. जुन्या एक्स्चेंजवर सगळ्या तारा व्यग्र असल्या की फोन लागतच नसे. ईमेलची घडण टपालासारखी आहे. एका सर्व्हरने मेल स्वीकारायचा, आपल्याकडे ठेवायचा आणि पुढच्या सर्व्हरकडे सोपवायचा, ही त्याची रीत. सर्व्हरांमधील ही देवाणघेवाण ‘सिंपल मेल ट्रान्सफर प्रोटोकॉल’ म्हणजे एसएमटीपी या नियमावलीनुसार चालते. जॉन पोस्टेल यांनी तिचा मसुदा १९८२ मध्ये सिद्ध केला.

समोरचा सर्व्हर व्यग्र असेल तर तो चारने सुरू होणारा तीन आकडी संकेत देतो. त्याचा अर्थ ‘आता नको, नंतर या’. पाचने सुरू होणारा संकेत म्हणजे कायमचा नकार. ‘नंतर या’ असे उत्तर मिळालेला सर्व्हर मेल रांगेत ठेवतो आणि काही वेळाने पुन्हा प्रयत्न करतो. दोन प्रयत्नांमध्ये साधारणपणे निदान अर्धा तास जाऊ द्यावा आणि चार-पाच दिवस प्रयत्न सोडू नये, असे २००८ च्या सुधारित नियमावलीत म्हटले आहे.

ही सहनशीलता ईमेलचे मोठे बळ आहे. सर्व्हर तासभर बंद राहिला तरी मेल नष्ट होत नाहीत. पण तीच आज अडचणीची ठरते. नियमावली तयार झाली तेव्हा मेल अर्ध्या तासाने पोहोचला तरी कोणाचे काही बिघडत नव्हते. आज त्याच वाटेने दहा मिनिटांत बाद होणारा ओटीपी पाठवला जातो. एका ‘नंतर या’ने अर्धा तास गेला की तो मेल पोहोचूनही निरुपयोगी ठरतो. चार दिवस वाट पाहू शकणाऱ्या यंत्रणेवर दहा मिनिटांचे काम सोपवले गेले आहे. नियोजन करणाऱ्याने ही विसंगती आधी ओळखली पाहिजे.

एका संस्थेचा हिशेब

आता चार हजार कर्मचाऱ्यांच्या एका काल्पनिक संस्थेचा हिशेब मांडून पाहू. प्रत्येकाचे येणारे आणि जाणारे मिळून दिवसाला पन्नास मेल धरले, तर एकूण दोन लाख होतात. दिवसाचे ८६,४०० सेकंद. म्हणजे सेकंदाला सरासरी २.३ मेल. प्रत्येक मेलची तपासणी, विषाणू-चाळणी आणि साठवण यांस मिळून अर्धा सेकंद लागतो असे मानू. लिटल यांच्या सूत्राप्रमाणे कोणत्याही क्षणी सरासरी एकाच्या आसपास मेल हाताळला जात असेल. एकाच वेळी दोन मेल हाताळणारी यंत्रणा, म्हणजे दोन खिडक्या, पुरेशा वाटतील.

पण रात्री तीन वाजता कोण मेल पाठवतो? दिवसाच्या एकूण मेलपैकी पंधरा टक्के सकाळच्या एका व्यग्र तासात येतात असे धरले, तर त्या तासात तीस हजार, म्हणजे सेकंदाला ८.३ मेल येतील. सरासरीच्या साडेतीनपटीहून अधिक! आता चारपेक्षा जास्त खिडक्या लागतात. त्या तासातही सगळी मिनिटे सारखी नसतात. कार्यालय उघडताच येणारे सर्वांत व्यग्र मिनिट तासाच्या सरासरीच्या दुप्पट धरले, तर सेकंदाला जवळजवळ सतरा मेल आणि आठांहून अधिक खिडक्यांचे काम.

दोन खिडक्या ठेवणारी संस्था रोज सकाळी कोलमडेल. पाच ठेवणारी तास कसाबसा निभावेल, पण व्यग्र मिनिटांत तिची रांग लांबेल. बारा ठेवणारीला सर्वांत व्यग्र मिनिटातही सुमारे सत्तर टक्केच भार पडेल आणि प्रतीक्षा फारशी जाणवणार नाही. म्हणजे सरासरीवरून दोन आणि गरजेवरून बारा! या सहापट अंतराला उधळपट्टी म्हणायचे की तरतूद, हा वाद प्रत्येक कार्यालयाच्या लेखा विभागात रंगतो.

या हिशेबात नको असलेल्या मेलचा भार अजून धरलेला नाही. सुरक्षा क्षेत्रातील संस्थांच्या अंदाजांनुसार जगभरात पाठवल्या जाणाऱ्या ईमेलपैकी साधारण निम्मे स्पॅम असतात. ते वापरकर्त्याला दिसत नाहीत. पण दारावर येऊन ठोठावतात आणि त्यांना परत पाठवण्यातही सर्व्हरचे श्रम खर्ची पडतात.

साठवणुकीचा हिशेब निराळा. एक मेल सरासरी ७५ किलोबाइटचा धरला, तर दोन लाख मेलना रोज सुमारे १५ गिगाबाइट जागा लागते. मग एखाद्या दिवशी प्रशासन तीन मेगाबाइटचे परिपत्रक सर्व चार हजार जणांना जोडपत्र म्हणून पाठवते. ईमेलमधून फाइल पाठवताना ती अक्षरांच्या रूपात बदलावी लागते आणि तिचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. तीनाचे चार मेगाबाइट झाले आणि प्रत्येक मेलपेटीत स्वतंत्र प्रत ठेवली गेली, तर एकट्या त्या परिपत्रकाला १६ गिगाबाइट लागतील. दिवसभराच्या सगळ्या मेलपेक्षा एक परिपत्रक जड! तीच फाइल संकेतस्थळावर ठेवून मेलमध्ये केवळ दुवा दिला असता तर हे टळले असते.

तारीख आणि तिथी

भाराचा अंदाज बांधण्यासाठी आधी मागच्या नोंदी लागतात. त्यांत तीन लयी दिसतात. पहिली दिवसाची : सकाळी चढ, दुपारच्या जेवणाला उतार, पुन्हा थोडा चढ. दुसरी आठवड्याची : सोमवारी गर्दी, रविवारी शुकशुकाट. तिसरी वर्षाची : मार्चअखेर, प्रवेशाचे दिवस, सणासुदीच्या सुट्ट्या. या लयींखाली वापरकर्ते आणि त्यांचे मेल सावकाश वाढत जाण्याचा कल असतो. कल आणि हंगाम वेगळे काढून पुढचा अंदाज बांधण्याची पद्धत चार्ल्स होल्ट यांनी १९५७ मध्ये आणि त्यांचे विद्यार्थी पीटर विंटर्स यांनी १९६० मध्ये विकसित केली. ती मुळात व्यापारी मालाच्या विक्रीच्या अंदाजासाठी होती. आज सर्व्हरच्या भारालाही लावली जाते. लहान संस्थेला तितकेही नको. मागच्या चार सोमवारांच्या नोंदी समोर ठेवून येत्या सोमवारचा अंदाज बांधला, तरी तो बहुतेक वेळा जवळपास जातो.

वर्षाची लय पकडताना मात्र आपल्याकडे एक पेच पडतो. संगणकाला तारीख कळते, तिथी कळत नाही. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आली आणि २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरला जाते. गोव्यात चवथीच्या दिवसांत कार्यालये ओस पडतात आणि सुट्टी संपताच साचलेली कामे एकदम वर येतात. ‘गेल्या वर्षी याच तारखेला किती मेल होते’ एवढेच पाहणारी प्रणाली २०२६ च्या ऑगस्टअखेरीस शुकशुकाट गृहीत धरेल आणि प्रत्यक्षात कार्यालये गजबजलेली असतील. कार्निव्हल, शिगमो, ईस्टर हेही तारखा बदलणारे सण. सेंट फ्रान्सिस झेवियरचे फेस्त मात्र दरवर्षी ३ डिसेंबरलाच. म्हणून स्थानिक पंचांग आणि सुट्ट्यांची यादी हाताशी नसलेला अंदाज गोव्यासारख्या राज्यात अपुरा ठरतो.

काही दिवस तर अंदाज बांधण्याचे नसतातच. ते माहीत असतात. निकालाची तारीख, अर्जाची अखेरची मुदत, नोकरभरतीची जाहिरात यांचा निर्णय संस्थेतच होतो. तरीही तो निर्णय मेल यंत्रणा सांभाळणाऱ्या तंत्रज्ञापर्यंत वेळेत पोहोचेलच याची खात्री नसते. ज्या गर्दीची तारीख आपणच जाहीर केली, ती अनपेक्षित होती असे सांगण्यास जागा उरत नाही.

पंचांगात नसलेले दिवस

अंदाजाला मर्यादाही आहेत. एर्लांगच्या गणितात फोन एकमेकांशी संबंध नसलेल्या माणसांकडून येतात असे गृहीत होते. अशी वर्दळ मोठ्या कालावधीत पाहिली की तिचे चढउतार सपाट होत जातात. संगणक जाळ्यावरील वर्दळ तशी वागत नाही. अमेरिकेतील बेलकोर या संशोधन संस्थेतील नोंदींच्या आधारे विल लेलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले की, तिथे सेकंदांचा आलेख पाहा की मिनिटांचा, झुंडी कायम राहतात. मोठा कालावधी घेतला म्हणून त्या विरून जात नाहीत.

ईमेलमध्ये तर एक मेल दुसऱ्याला जन्म देतो. २६ मार्च १९९९ रोजी पसरलेला ‘मेलिसा’ हा विषाणू बाधित संगणकाच्या पत्त्यांच्या यादीतील पहिल्या पन्नास जणांना स्वतःची प्रत पाठवत असे. पन्नासांनी प्रत्येकी पन्नासांना पाठवले की अडीच हजार, पुढच्या टप्प्यात सव्वा लाख. मे २००० मध्ये फिलिपिन्समधून निघालेल्या ‘आय लव्ह यू’ विषाणूने यादीतील सगळ्यांनाच गाठले. त्या वेळी ब्रिटिश संसदेसह अनेक संस्थांना आपली मेल यंत्रणा काही काळ बंद ठेवावी लागली.

कधी कधी विषाणूचीही गरज लागत नाही. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीत सुमारे तेरा हजार कर्मचाऱ्यांच्या एका वितरण यादीवर कोणीतरी आपले नाव वगळण्याची विनंती केली. ती सर्वांना गेली. मग ‘माझेही नाव काढा’ अशी उत्तरे सर्वांनाच जाऊ लागली आणि पाठोपाठ ‘सर्वांना उत्तर देणे थांबवा’ अशी उत्तरेही सर्वांनाच गेली. तेरा हजारांच्या यादीवर हजार उत्तरे म्हणजे एक कोटी तीस लाख मेल. नोव्हेंबर २०१६ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतही एका चाचणी मेलने हेच घडवले. तिथे यादीत लाखो कर्मचारी होते. अशा दिवसांचा अंदाज बांधता येत नाही, पण त्यांना आवर घालता येतो. मोठ्या याद्यांवर कोणी मेल पाठवावा यावर बंधन आणि एका खात्यातून तासाला किती मेल जावेत याची मर्यादा, हे दोन नियम बरीचशी आपत्ती टाळतात.

बंद पडल्यानंतरचे तास

क्षमतेचा खरा कस सर्व्हर बंद पडतो तेव्हा नव्हे, तर तो पुन्हा सुरू होतो तेव्हा लागतो. वरच्या संस्थेचा सर्व्हर व्यग्र वेळी दोन तास बंद राहिला असे समजू. तेवढ्यात साठ हजार मेल साचतील. सुरू झाल्यावरही सेकंदाला ८.३ नवे मेल येतच राहिले, तर बारा खिडक्यांची यंत्रणा हा साठा तासाभरात उपसेल. सहा खिडक्या असतील तर साडेचार तास लागतील आणि पाच असतील तर तब्बल दहा. खिडकी एकच कमी, पण फरक साडेपाच तासांचा. रात्री नवे मेल घटल्यावर प्रत्यक्षात यापेक्षा लवकर सुटका होईल. तरी तोवर कामाचा दिवस हातचा गेलेला असतो.

त्यातच बाहेरचे हजारो सर्व्हर आपले थांबलेले मेल घेऊन जवळजवळ एकाच वेळी परत आले, तर नुकता सावरलेला सर्व्हर पुन्हा बसतो. म्हणून चांगल्या प्रणाली दर अपयशानंतर प्रतीक्षा वाढवत नेतात आणि तिच्यात थोडा अनियमितपणाही मिसळतात, जेणेकरून सगळे एकाच क्षणी दारात उभे राहू नयेत.

तयारी म्हणजे काय?

पहिली तयारी मोजमापाची. दिवसाला किती मेल गेले हा आकडा अहवालात शोभतो, पण वेळेवर इशारा देत नाही. रांगेत किती मेल आहेत आणि त्यांतील सर्वांत जुना किती मिनिटे थांबला आहे, हे दोन आकडे पाहावेत. दुसरा आकडा वाढू लागला की संकट दारात आले असे समजावे.

दुसरी तयारी रांगा वेगळ्या करण्याची. ओटीपी आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा एकाच रांगेत उभ्या राहता कामा नयेत. रुग्णालयात अपघात विभागाची रांग वेगळी असते, तशी तातडीच्या मेलची असावी. यासाठी दर वेळी नवे यंत्र लागत नाही. मांडणी बदलूनही हे साधते.

तिसरी तयारी समोरच्या दाराची. आपली क्षमता कितीही असली तरी घेणाऱ्याची मर्जी सांभाळावी लागते. मोजकेच मेल पाठवणाऱ्या पत्त्यावरून अचानक एक लाख मेल सुटले, तर मोठ्या मेल सेवा त्याकडे संशयाने पाहतात आणि ‘नंतर या’ असे सांगतात. जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून दिवसाला पाच हजारांहून अधिक मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या ओळख पटवणाऱ्या तिन्ही व्यवस्था बंधनकारक केल्या. निकालाच्या सकाळी या गोष्टी आठवून उपयोग नसतो. पाठवण्याचे प्रमाण काही आठवडे आधीपासून पायरीपायरीने वाढवत न्यावे लागते.

चौथी तयारी गर्दी पसरवण्याची. चाळीस हजार जणांना कळवायचे असेल, तर सर्वांना एका मिनिटात कळवण्याची खरोखर गरज आहे का? तीन तासांत टप्प्याटप्प्याने पाठवले, तर सेकंदाला चार मेलही होत नाहीत. अर्जाची मुदत कार्यालय बंद होण्याच्या वेळेला संपवण्याऐवजी दुसऱ्या दिवशी दुपारी संपवली, तर अडलेल्यांना मदत तरी मागता येते. ‘क्रमांक पुन्हा पाठवा’ हे बटण काही काळ निष्क्रिय ठेवून ‘आपला क्रमांक रांगेत आहे’ एवढे सांगितले, तरी मागण्यांचा पूर ओसरतो. गर्दीच्या दिवशी ओटीपीची मुदत दहाऐवजी तीस मिनिटे ठेवायची, तर सुरक्षेचा विचार करून तसे आधीच ठरवावे लागते. यांतील बहुतेक उपायांना यंत्रखरेदीची गरज नाही; निर्णयाची आहे.

वाट कोणी पाहायची?

भाड्याच्या क्लाउड सेवांमुळे क्षमता तासाच्या हिशेबाने वाढवता येऊ लागली आहे. त्यामुळे वर्षभर बारा खिडक्या उघड्या ठेवण्याची सक्ती उरलेली नाही. तरीही त्या कधी उघडायच्या, हे कोणीतरी आधी ठरवावे लागतेच. नोंदी नसतील, पंचांग पाहिले नसेल आणि मुदतीची तारीख तंत्रज्ञापर्यंत पोहोचली नसेल, तर क्लाउडही मदतीला येत नाही.

सर्व्हरचे नियोजन हा एरवी तांत्रिक विषय समजला जातो. पण त्याच्या मुळाशी एक सार्वजनिक प्रश्न आहे : वाट कोणी पाहायची? संस्थेने थोडी क्षमता मोकळी ठेवली, तर ती यंत्रे वर्षातील बराच काळ रिकामी बसतात. ती ठेवली नाही, तर तोच रिकामा वेळ अर्जदाराच्या वाट्याला येतो. संस्थेच्या हिशेबवहीत यंत्राचा खर्च दिसतो. पाच वाजता बंद झालेल्या संकेतस्थळासमोर तीन बाद क्रमांक घेऊन बसलेला विद्यार्थी दिसत नाही. चांगले नियोजन त्यालाही हिशेबात धरते आणि अखेरच्या दिवसाची गर्दी उसळण्याआधीच, एखाद्या शांत सोमवारी, ते काम करून ठेवते.